राग आल्यास दोन ठोके, मग एक

प्रशिक्षण मनावर घ्यायचं नसतं, हे जावा बेटावरच्या आमच्या सालातिगातल्या शाळांमध्ये नव्याने लागलेल्या मास्तरालासुद्धा कळतं. सेमारांगच्या हॉटेलात जायचं, फुकटचा नाश्ता दोनदा करायचा, प्लास्टिकची फाईल आणि न उमटणारं पेन घ्यायचं, शेवटी ओळीत उभं राहून अंगठे वर करून फोटो काढायचा आणि येताना घरी सारण भरून तळलेल्या लुम्पियाचं खोकं आणायचं. लुम्पिया त्याच संध्याकाळी संपतात. फाईल कपाटावर जाते. बू विगातींनी, म्हणजे विगातीबाईंनी, उलटं केलं. लुम्पिया त्या बसमध्येच विसरल्या आणि फाईल उघडून वाचली. पुढचं सगळं रामायण त्यातून झालं.

फाईलवर लिहिलं होतं, ‘बालकांचं वर्तन, भावना आणि सामाजिक विकास: शाळेचा आधार’. एवढं लांबलचक नाव असलेल्या प्रशिक्षणाला कोण जाणार? एकाच्या मेहुणीचं लग्न निघालं, एकाला ताप आला, एकीच्या दाढेने ऐन वेळी दगा दिला. उरल्या बू विगाती. पन्नाशी उलटलेल्या, चौथीच्या वर्गशिक्षिका, मधुमेहाच्या गोळ्या आणि नवऱ्याची कबुतरं या दोन्ही गोष्टी मुकाट्याने सोसणाऱ्या. हेडमास्तर पाक हारजितो, म्हणजे हारजितोराव, त्यांना म्हणाले, “बू, तुमचा अनुभव दांडगा. तुम्हीच शोभता.” सरळ सांगायचं तर, दुसरं कुणी सापडलं नाही.

पण फाईल वाचताना बू विगातींच्या डोळ्यांपुढे एकच पोरगी होती. लिंतांग.

लिंतांगची आई तैवानला कुणाच्या तरी आजारी सासूची सेवा करायला गेलेली. बाप त्याच्याही आधी गेलेला. कुठे, ते विचारायची आळीत पद्धत नव्हती. पोर आजीपाशी राहायची, आणि राग आला की पायातला बूट काढून फेकायची. नेम चांगला असता तर एक वेळ निभावलं असतं, ज्याच्यावर राग त्यालाच लागला असता. पण नेम असा की बूट खिडकीतून जायचा तो थेट कँटीनमधल्या सोतोच्या पातेल्यात. कँटीन बू मुरतिनींचं. त्या बिचाऱ्या पहाटे उठून कोंबडीचा रस्सा उकळायच्या, आणि मधल्या सुट्टीत त्यातून डावाने बूट निघायचा.

तर पाक हारजितोंनी ठरवत आणलं होतं की सत्र संपलं की लिंतांगला ‘पालकांकडे परत द्यायचं’. आमच्याकडे शाळेतून कुणालाही काढून टाकत नाहीत हं. छे छे, इतकं असंस्कृत कोण वागेल! परत देतात. आभार मानून, हात जोडून, हसतमुखाने परत देतात. मग ते पोर दुसऱ्या शाळेत जातं, ती शाळाही हसतमुखाने परत देते, आणि असं परत येत येत ते एके दिवशी बसस्टँडवर पाण्याच्या बाटल्या विकायला लागतं. बू विगातींनी एकतीस वर्षांच्या नोकरीत असे परत दिलेले चेहरे पुष्कळ पाहिले होते. हा एक त्यांना द्यायचा नव्हता. बस्स, नव्हता द्यायचा.

फाईलमध्ये एक वाक्य होतं: ‘प्रत्येक शाळेत अशी एक जागा असावी, जिथे मुलाला त्याचा राग आणता येईल.’ बू विगातींनी ते वाक्य पाक हारजितोंना वाचून दाखवलं आणि विचारलं, संडासाशेजारची अडगळीची खोली मला मिळेल का?

पाक हारजितोंनी मान डोलावली. “फार सुरेख कल्पना, बू. बघू या, हळूहळू बघू या.”

आता, सालातिगात ‘नाही’ म्हणत नाहीत. तोंडावर नाही म्हणणं म्हणजे भर रस्त्यात धोतर सोडण्यासारखं. ‘हळूहळू बघू या’ म्हणजे प्रेत उचललं, फुलं टाकली, लोक घरी गेले. हे शेंबड्या पोरालाही कळतं, आणि बू विगाती तर जन्मभर हेच ऐकत आणि हेच बोलत आलेल्या. पण त्या दिवशी त्यांच्या अंगात काय संचारलं कोण जाणे. त्यांनी मनाशी म्हटलं, ‘सुरेख म्हणाला ना? मग झालं तर.’ आणि दुसऱ्या दिवशी सकाळी झाडू, बादली आणि सफाईच्या पाळीतली पोरं घेऊन त्या खोलीवर चालून गेल्या.

पाक हारजितो स्कूटर लावून आत येतात तो काय, पटांगणात मोडक्या खुर्च्यांचा डोंगर! दोन पायांच्या, तीन पायांच्या, नुसत्या पाठीच्या.

“बू, हे काय चाललंय?”

“तुम्ही हो म्हणालात ना, पाक. हळूहळूच करतेय.”

काय बोलणार? मी नाही म्हणालो होतो, असं तर म्हणता येईना, कारण म्हणाले नव्हतेच. त्यात खुर्च्या सरकारी. सरकारी खुर्ची मोडली तरी सरकारचीच राहते. तिला टाकायची तर पंचनामा लागतो, पंचनाम्याला समिती लागते, आणि समितीला बसायला खुर्च्या लागतात. तेव्हा त्या पावसात भिजू नयेत म्हणून हेडमास्तरांच्या ऑफिसात रचल्या. त्या दिवसापासून पाक हारजितो आपल्या टेबलापर्यंत आडवे होऊन जायचे आणि तसेच बाहेर यायचे.

खोली रिकामी झाली, आणि सल्ल्यांचा पूर आला. बू मुरतिनी या बू विगातींच्या भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या. दोन्ही घरांत एक निळ्या फुलांचं ताट वर्षानुवर्षं फिरत होतं. इकडून तळलेली केळी गेली की तिकडून आंबवलेल्या सोयाबीनचं टेम्पे यायचं. ताट मूळचं कुणाचं हे दोघींनाही आठवत नव्हतं, पण रिकामं मात्र ते एकदाही परत गेलं नव्हतं. तर बू मुरतिनी म्हणाल्या, “हिरवा रंग लाव. हिरव्याने डोकं थंड होतं. आणि आधी पिवळ्या भाताचा नैवेद्य कर बाई, त्या खोलीत जुना शिपाई दिसतो म्हणतात.”

“जुना शिपाई जिवंत आहे. मुलाकडे राहतो.”

“म्हणूनच तर भीती वाटते!”

बू विगातींचे यजमान पाक दारसोनो पोस्टातून निवृत्त झालेले. त्यांच्या मते जगातल्या सगळ्या दुखण्यांना कबुतराचं घुमणं हे औषध. “एक जोडी नेऊन टांग,” ते म्हणाले.

“पोरांनी राग काढायचाय, हो. कबुतरावर काढला म्हणजे?”

पाक दारसोनोंनी त्या रात्री पिंजरे आतल्या खोलीत हलवले.

रंग हिरवा लागला. फाईलमध्ये सांगितल्याप्रमाणे बुक्के मारायला उशी आली, बू विगातींच्या माहेरची, चांगली सावरीच्या कापसाची. पहिल्याच दिवशी दोन पोरांनी मिळून ती फाडली. सावरीचा कापूस म्हणजे वाऱ्याला वेड लावणारी चीज. सगळ्या शाळेवर तरंगला, आणि शेवटी उतरला तो कुठे? बरोबर. सोतोच्या पातेल्यात. बू मुरतिनींनी डाव खाली ठेवला आणि म्हणाल्या, “विगाती, तू माझी बहिणीसारखी मैत्रीण आहेस. पण देवाशपथ, मऊ काही आणू नकोस आता. टणक आण. जड आण. उडणार नाही असं आण.”

टणक, जड आणि न उडणारी वस्तू आळीच्या पहाऱ्याच्या चौकीत टांगलेली होती. केंटोंगान. फणसाच्या लाकडाचा पोकळ ओंडका, मध्ये चीर, शेजारी दोरीला दांडकं. चौकीत नवीन आला होता, हा जुना नुसता लटकत होता. बू विगातींनी चौकीशेजारच्या सलूनमध्ये डोकावून विचारलं. सलूनवाले पाक त्रिमान हेच आळीचे प्रमुख. एका गिऱ्हाइकाच्या गालावर वस्तरा धरून ते म्हणाले, “न्या की, बू. पडूनच तर आहे.”

हे म्हणजे आपण जेवत असताना दारावरून जाणाऱ्याला ‘या जेवायला’ म्हणतो त्यातलं. जाणारा ‘चालू दे’ म्हणतो आणि जातो. बू विगाती पाटावर येऊन बसल्या. म्हणजे, त्यांनी केंटोंगान खाली उतरवला, पदराने पुसला आणि मोटरसायकल-रिक्षात घालून नेला. पाक त्रिमान वस्तरा हवेत धरून बघत राहिले. गिऱ्हाईकही बघत राहिलं.

पुढे जे झालं ते सांगताना आजही आळीत दोन तट पडतात, म्हणून झालं तसंच सांगतो.

चौथीतल्या एका कार्ट्याने लिंतांगला म्हटलं, “तुझी आई आता येतच नाही. माझी आई म्हणते.” लिंतांगचा हात बुटाकडे गेला. बू विगातींनी नुसतं खोलीकडे बोट केलं. पोर तरातरा गेली, दांडकं उचललं आणि वाजवायला लागली. आता रागावलेलं पोर ठोके मोजून देतं का? न थांबता, जीव खाऊन, धडधडधडधड. आणि केंटोंगानवर असे न थांबता, भराभर ठोके म्हणजे आळीच्या भाषेत ‘धावा, घात झाला!’

बू विगाती याच आळीत जन्मल्या. लहानपणी हेच ठोके ऐकून त्या कॉटखाली लपल्या होत्या. पण फाईलच्या नादात हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही, याला म्हणायचं काय!

दोन मिनिटांत फाटक उघडून माणसं घुसली. कोयते, बांबू, पाण्याच्या बादल्या. पाक त्रिमान वस्तऱ्यासकट, मागे गळ्यात टॉवेल आणि एका गालाला साबण असलेलं गिऱ्हाईक. क्रोमो आजोबा कोंबड्याला आंघोळ घालत होते, ते ओला कोंबडा काखेत घेऊनच आले. “कुठाय चोर? कुठून पळाला?” सगळी फौज हिरव्या खोलीला वेढा घालून उभी. आत लिंतांग, हातात दांडकं, नाक वाहतंय, आणि दारात कोयतेवाली चाळीस माणसं.

“चोर नाही,” बू विगाती म्हणाल्या. दुसरं काही सुचेना, म्हणून खरं तेच बोलल्या. “तिला राग आलाय.”

कोयते खाली आले. आग असती तर पाणी ओतलं असतं, चोर असता तर बदडला असता. पाक त्रिमानांनी वस्तरा मिटला, घसा खाकरला. “बरं... मग यात काय करायचं असतं?”

फाईलमध्ये हे नव्हतं. पण धावत आलेल्या माणसाने काहीच न करता परत जाणं बरं दिसेना. शेवटी क्रोमो आजोबा पुढे झाले आणि त्यांनी ओला कोंबडा लिंतांगच्या हातांत दिला. “धर जरा. माझे हात भरून आले.”

तिने धरला. कोंबडा आधी फडफडला, मग तिच्या पोटाशी गप्प बसला. तीही बसली. आजोबा शेजारी उकिडवे बसले आणि कोंबड्याचं खाणं काय, झुंजीत त्याचा कुठला डोळा गेला, वगैरे सांगत राहिले. पोरीने आईबद्दल एक शब्द काढला नाही, आजोबांनी विचारला नाही. घंटा झाली तेव्हा ती स्वतःहून वर्गात आली. दोन्ही पायांत बूट होते. बू विगातींना रडू आलं आणि ते त्यांनी फळा पुसता पुसता उरकून घेतलं.

पाक हारजितो खुर्च्यांच्या आडून म्हणाले, “बू, याचा जरा विचार करायला हवा.” हे आमच्याकडचं दुसरं प्रेत. बू विगाती म्हणाल्या, “करते, पाक,” आणि विचार करायला थेट आळीच्या बैठकीत गेल्या.

बैठकीत पेच पडला तो असा. केंटोंगान वाजला आणि माणूस उठला नाही, तर आळीची अब्रू गेली. पण रोज कोयते घेऊन कोण धावणार? एक जण म्हणाला ओंडका परत आणा. लगेच सगळ्यांनी पाक त्रिमानांकडे पाहिलं. ते पडले बिचारे, ‘न्या की’ म्हणून बसलेले. “दिलेलं मागायचं कसं?” ते हळूच म्हणाले. मग तोडगा निघाला: शाळेसाठी वेगळा ठोका. दोन, थांबून एक. आणि तो ऐकून सगळ्यांनी न धावता, पाळीप्रमाणे दोघांनी जायचं. कुठल्या ठोक्याचा काय अर्थ ते लिहिलेल्या चौकीतल्या फळ्यावर मृत्यू, चोर, आग, पूर यांच्याखाली नवीन ओळ रंगवली: ‘शाळेत मूल रागावले आहे.’

फळा बदलायचा तर वॉर्ड ऑफिसचा शिक्का हवा. तिथला कारकून म्हणाला, “कुठल्या खात्यात घालू? शिक्षणात घातलं तर जिल्ह्याला विचारावं लागेल.” बू विगाती तिथे बाकावर बसून राहिल्या. जेवणाची सुट्टी झाली, संपली, कारकुनाने चहा घेतला, त्यांनाही द्यावा लागला. शेवटी त्याने ते नैसर्गिक आपत्तीत घातलं. लिंतांगला एकदा पाहिलं असतं, तर हा माणूस काही फार चुकला नाही हे पटलं असतं.

मग काय विचारता! रागाची नुसती साथ आली. शहाणीसुरती पोरं रागवायला लागली, कारण बू मुरतिनींच्या पाळीला तळलेली केळी मिळायची. पाक त्रिमानांच्या पाळीला पोरं रागावून जायची ती केस कापून परत यायची; एका आईने तर चिठ्ठीच पाठवली की उद्या आमच्या मुलाला जरा राग आणा, मागे फार वाढलेत. कोंबड्याचं वजन घटलं. पण लिंतांग मोजकीच जायची. दोन, थांबून एक. कधी आजोबा, कधी बू मुरतिनी. येऊन बसायचे, हातातलं काम करायचे, ती उठली की उठायचे. सोतोत बरेच दिवस काही पडलं नव्हतं.

इतकं सगळं सुरळीत चाललंय म्हटल्यावर वरून कुणीतरी तपासायला येणारच. सोमवारी झेंडावंदनाला शिक्षण खात्याच्या पर्यवेक्षक बू एर्लिना आल्या. तरुण, कडक इस्त्रीच्या. झेंडा वर गेला. मग हुतात्म्यांसाठी माना खाली घालून उभं राहायची वेळ आली. टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता.

त्या शांततेत शेजारचं ते कार्टं कुजबुजलं. काय, ते कुणी ऐकलं नाही. बू विगातींनी फक्त लिंतांगचा हात बुटाकडे जाताना पाहिला. मग हात थांबला. पोर रांगेतून बाहेर पडली, सगळ्या शाळेसमोरून, झेंड्यासमोरून, पर्यवेक्षकबाईंसमोरून सरळ चालत हिरव्या खोलीत गेली, आणि त्या शांततेत ठोके पडले. ठक ठक. ठक.

फाटक करकरलं. पाळीवाले आले. बू मुरतिनी डाव घेऊन, आणि मागून काखेत कोंबडा घेऊन क्रोमो आजोबा. झेंडा चढलेला पाहून दोघं जागच्या जागी ताठ उभे राहिले, डाव छातीशी धरून. ते कोंबड्याला कुठून कळणार? तो आरवला.

दुपारी लिंतांगच्या आजीला बोलावणं गेलं.

हेडमास्तरांच्या ऑफिसात बसायला मोडक्या खुर्च्यांखेरीज जागाच उरली नव्हती. बू एर्लिना तीन पायांच्या खुर्चीवर तोल सांभाळून बसल्या. सातिनेम आजी दाराशी, टेम्पेच्या टोपलीसकट, खुर्चीच्या अगदी कडेवर. लिंतांग तिच्या मागे. पाक हारजितो सुंदर बोलले. पोरगी गुणी आहे, आजीचे उपकार आहेत, शाळेला तिचा अभिमान आहे, म्हणूनच शाळा तिला आजीकडे परत देऊ इच्छिते.

“हो, हो,” आजी म्हणाली.

“आपली काही हरकत नाही ना?” बू एर्लिनांनी विचारलं.

“नाही, नाही. हो, हो.” आजीने टोपली मांडीवर ओढून घेतली.

बू विगातींच्या डोक्यात सणक गेली. “पाक, तिने बूट फेकला नाही! शिकवलं तसंच वागली ती. एकूण एक. तुमच्या शांततेत वाजलं म्हणून तिला घालवताय?”

“बू, बू,” पाक हारजितो हसत म्हणाले, “आवाज जरा... आपण शांतपणे...”

“मला शांतपणे नाही बोलायचं!”

या ऑफिसात असं वाक्य याआधी झालं नव्हतं. खुद्द बू विगातींनाच धक्का बसला. मग एकदम लक्षात आलं की आपण खाली वाकून चप्पल काढतोय. हातात चप्पल! पन्नाशी उलटलेली बाई, वर्गशिक्षिका, प्रशिक्षित! त्यांनी चप्पल परत पायात घातली, आडव्या होऊन खुर्च्यांमधून बाहेर पडल्या, पटांगण ओलांडलं, हिरव्या खोलीत शिरल्या आणि दांडकं उचललं.

दोन. थांबून एक. दोन. थांबून एक. इतकं जोरात की भिंतीवरच्या पाली पळाल्या.

पाळी बदललेली होती. पाक त्रिमान आले, हातात कात्री, मागे अर्धं डोकं भादरलेलं तेच गिऱ्हाईक. त्या माणसाचं नशीबच तसं. बू मुरतिनी पाळी नसताना आल्या. आवाज थांबेना म्हणून आणखी माणसं आली.

पाक त्रिमानांनी खोलीत डोकावून विचारलं, “कुठलं मूल?”

“मी,” बू विगाती म्हणाल्या.

पाक त्रिमानांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा ऑफिसच्या दारात उभ्या असलेल्या इस्त्रीवाल्या बाईंकडे. मग मागे वळून म्हणाले, “या रे सगळे. बसा.”

आणि सगळे ऑफिसात जाऊन बसले. दीड पायाच्या खुर्च्यांवर, टेबलाच्या कडेला, उंबऱ्यावर. पाहुणा बसला की चहा द्यावा लागतो. पाक हारजितोंनी चहा सांगितला. चहा आला, संपला. कुणी उठेना.

“आम्ही लिंतांगला परत देण्याचं बोलत होतो,” पाक हारजितो म्हणाले.

“हो, हो,” पाक त्रिमान म्हणाले.

“सर्वांच्या हिताचं आहे,” बू एर्लिना म्हणाल्या.

“हो तर, हो तर,” सगळे म्हणाले आणि आणखी आरामात बसले. अर्ध्या डोक्याचं गिऱ्हाईक म्हणालं, “सुरेख कल्पना आहे.” बू एर्लिना कितीही इस्त्रीच्या असल्या तरी जन्माने इथल्याच. हा ‘हो’ कसला, हे त्यांना बरोबर कळलं, आणि त्यांच्या खुर्चीचा तोल पहिल्यांदाच गेला.

तेवढ्यात दाराकडून आवाज आला. सातिनेम आजी उभी राहिली होती.

“एक विचारू का, पाक? माझी मेलीची अक्कल कमी.” तिने टोपली खाली ठेवली. “आमच्यात शेजारणीचं ताट परत देताना रिकामं देत नाहीत. मूठभर भाजके शेंगदाणे का होईना, घालतात. मी तुम्हाला पोरगी दिली होती. तिला परत देताय, तर तिच्यात काय घालून देताय?”

बू मुरतिनी डाव मांडीवर घेऊन त्याच्याकडे बघत राहिल्या. बू एर्लिनांनी खाली पाहिलं.

“मग, पाक,” त्या म्हणाल्या, “मी वर काय कळवू? मुलगी परत पाठवणार ना?”

पाक हारजितोंनी सगळ्यांकडे पाहिलं. खुर्च्यांकडे, आजीकडे, आजीच्या पाठीमागून दिसणाऱ्या एका डोळ्याकडे. कपाळ पुसलं. आणि जन्मभराच्या सवयीने, पण जन्मात पहिल्यांदा वरच्या माणसाला, ते म्हणाले,

“हळूहळू बघू या.”

ऑफिसात जो निःश्वास पडला, तो कँटीनपर्यंत गेला असेल. प्रेत उचललं, फुलं टाकली, लोक घरी गेले. गिऱ्हाइकाचं उरलेलं अर्धं डोकं पाक त्रिमानांनी तिथेच पटांगणात उरकलं.

बू विगातींना हे काहीच ठाऊक नव्हतं. त्या हिरव्या खोलीत एकट्या बसल्या होत्या, अंबाडा सुटलेला, उजवा हात दुखतोय, आणि त्यांच्या पाळीला शेजारी बसायला कुणी थांबलंच नाही याचा अपमान वाटतोय. सगळे मेले चहा प्यायला गेले होते. दारात सावली पडली. लिंतांग आली, शेजारी उकिडवी बसली, क्रोमो आजोबा बसतात तशी. काही विचारलं नाही.

“मला परत नाही देणार,” ती म्हणाली. “हेडसर हळूहळू बघणार आहेत.”

बू विगातींनी डोळे मिटले आणि उघडले. मग पदराने तोंड पुसलं.

“बू गुरू, गेला तुमचा राग?”

बू विगातींनी विचार केला. तो परत दिलेला एकेक चेहरा त्यांना आठवला. रिकामाच परत दिलेला.

“नाही गं,” त्या म्हणाल्या.

लिंतांगने दांडकं उचलून त्यांच्या हातात दिलं. “मग अजून वाजवा. मी आहे इथे.”